मुलगी शाळा सोडते ती मे महिन्यात

प्रश्न असा आला आहे: "मी मूळची बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यातली, सध्या पुण्यात नोकरी करते. आम्ही आठ मित्रमैत्रिणी दरमहा प्रत्येकी हजार रुपये बाजूला काढतो. आमच्या भागात सातवी-आठवीनंतर मुली शाळा सोडतात, लग्नं होतात. त्यांच्यासाठी काही करायचं आहे. दप्तरं-वह्या द्याव्यात, टॅब द्यावेत, की पालकांसाठी प्रबोधनाची शिबिरं घ्यावीत? सुरुवात कुठून करू?"

ताई, तिन्हींपैकी एकही नको, हे आधीच सांगते. का ते ओघात येईल.

मी याच जिल्ह्यात 31 वर्षं नोकरी केली. सुरुवात वस्तीवरच्या दोनशिक्षकी शाळेत, मग मुख्याध्यापिका, आणि शेवटची नऊ वर्षं केंद्रप्रमुख. केंद्रातल्या चौदा शाळांची हजेरीपत्रकं दर महिन्याला माझ्या नजरेखालून जायची. इतकी वर्षं ती चाळल्यावर एक गोष्ट लक्षात आली, जी मला कुठल्याच प्रशिक्षणात कोणी सांगितली नव्हती. वर्ष चालू असताना मुलगी फारशी शाळा सोडत नाही. ती एप्रिलच्या शेवटी वर्गात असते, परीक्षा देते, 1 मेला निकाल घेऊन घरी जाते. 15 जूनला मात्र येत नाही. मधल्या सहा आठवड्यांत शाळेला कुलूप असतं, गुरुजी-बाई आपापल्या गावी गेलेले असतात, आणि नेमका त्याच दिवसांत घरात तिचा निर्णय होतो. लगीनसराई तेव्हाच. पाव्हणेरावळे घरी येतात तेव्हाच. पुढच्या ऊसतोडीच्या हंगामाच्या उचलीची, म्हणजे मुकादमाकडून मिळणाऱ्या आगाऊ रकमेची, बोलणीही त्याच सुमाराला कानावर यायला लागतात.

आपल्याकडच्या शाळांची रचना याला हातभारच लावते. जिल्हा परिषदेच्या बहुतेक शाळा चौथीपर्यंत नाहीतर सातवीपर्यंत. पुढचं हायस्कूल बहुधा खासगी अनुदानित संस्थेचं, आणि तेही दुसऱ्या गावात. सातवी झालेल्या मुलीचं नाव जुन्या शाळेत 'उत्तीर्ण' असा शेरा पडून रीतसर बंद होतं. हायस्कूलच्या रजिस्टरात ते कधी चढलेलंच नसतं, त्यामुळे ती आली नाही हे तिथे कोणाला जाणवत नाही. दाखला न्यायला कोणी आलं नाही तर तो फायलीत पडून राहतो. दोन शाळांच्या दोन रजिस्टरांमध्ये मुलगी हरवते. आता ऑनलाइन नोंदीत असं नाव वेगळं दिसतं खरं, पण ते बघून कोणी तिच्या घरी जाईपर्यंत पावसाळा सरत आलेला असतो, आणि तोवर मुलगी एकतर घरकामात मुरलेली असते नाहीतर तिची सोयरीक जमलेली असते.

म्हणून माझं पहिलं सांगणं एवढंच, की मुलींच्या शिक्षणाचं काम जूनमध्ये सुरू करू नका, एप्रिलमध्ये करा.

प्रबोधनाबद्दल बोलते. केंद्रप्रमुख झाल्यावर मी पहिली दोन वर्षं पालकमेळावे घेतले. फ्लेक्स लावले, पाहुणे आणले, सावित्रीबाईंच्या फोटोला हार घातले. मेळाव्याला आलेल्या सगळ्या बाया माना डोलवायच्या. मग एका मे महिन्यात मी एका सातवी पास मुलीच्या घरी गेले. मुलगी वर्गात पहिली आलेली. दुपारची वेळ, पत्र्याच्या सावलीत तिची आई सुपात तूर पाखडत बसलेली. मुलगी आतून दारापर्यंत आली, मला बघितलं आणि परत आत गेली. मी शिक्षणाचं महत्त्व सांगायला सुरुवात केली. आईने सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "बाई, शिकवायचं न्हाई असं कोण म्हणतंय? मला का कळत न्हाई? आम्ही दिवाळी झाली की कारखान्याला जाणार. म्हातारीला डोळ्यानं दिसत न्हाई. हायस्कूल दुसऱ्या गावाला, मधी ओढा. तिला कुणाच्या भरवशावर ठेवू, तेवढं सांगा."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या दिवसानंतर मी पालकांना शिक्षणाचं महत्त्व सांगणं बंद केलं. ज्या बाईने आयुष्यभर अंगठा उठवला आहे, उचलीच्या हिशोबात जिची फसवणूक झाली आहे, तिला शिक्षणाचं मोल तुमच्या-माझ्याहून जास्त ठाऊक असतं. तिचा प्रश्न भरवशाचा आहे. रस्त्याचा भरवसा, राहण्याचा भरवसा, आणि पोरीला तिथे जाऊन खरंच काही येईल याचा भरवसा. तुमचे आठ हजार रुपये यांपैकी कशाला तरी लागले पाहिजेत.

एक गोष्ट आधी मान्य करू. मागच्या वीस वर्षांत पुष्कळ सुधारलं आहे. 'असर' या ग्रामीण शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीत 2006 साली ग्रामीण भारतात 11 ते 14 वयाच्या दर शंभरातल्या दहा मुली शाळेबाहेर होत्या, 2022 साली दोन. 15-16 वर्षांच्या मुलींमध्ये 2008 साली वीस टक्क्यांहून जास्त बाहेर होत्या, 2022 मध्ये 7.9 टक्के. हे आपोआप झालेलं नाही. शिक्षणहक्क कायदा, मोफत पुस्तकं, दुपारचं जेवण, मोफत एसटी पास, गावोगावच्या बायांनी पोटाला चिमटा घेऊन पोरींना शाळेत घातलं ते, हे सगळं त्यात आहे. पण आकड्यांतच कुठे गाठ आहे ते दिसतं. चौदाव्या वर्षापर्यंत दोन टक्के आणि पुढच्या दोनच वर्षांत आठ टक्क्यांच्या घरात. कायद्याने मोफत आणि सक्तीचं शिक्षण सहा ते चौदा वर्षांपर्यंतच दिलं आहे, म्हणजे आठवीपर्यंत. नववीत गेलं की शाळेतली खिचडी बंद, गणवेश बंद, पुस्तकं विकत. महाराष्ट्रात मुलींना बारावीपर्यंत फी नाही, हे खरं. पण फीमुळे घरी बसलेली मुलगी मी क्वचितच पाहिली. पंधराशे रुपयांची गाइडं, मोडलेली सायकल आणि चुकलेली बस यांमुळे घरी बसलेल्या मात्र पुष्कळ पाहिल्या.

बसची गोष्ट सांगते, कारण तिच्यातून मी सगळ्यात जास्त शिकले.

आमच्या केंद्रालगतच्या एका हायस्कूलमध्ये नववी-दहावीच्या मुलींना गणितात आणि विज्ञानात मुलांपेक्षा फार कमी मार्क पडायचे. भाषेत आणि इतिहासात मुली पुढे. तिथले शिक्षक म्हणायचे, मुलींचं गणित कच्चंच असतं. मी एकदा दिवसभर त्या शाळेत बसले. शाळा सुटायची पाच वाजता. फाट्यावरून वरच्या वाड्यांकडे जाणारी शेवटची एसटी चार चाळीसला. त्यामुळे चार वाजून दहा मिनिटं झाली की वाड्यांवरच्या मुली एकेक करून दप्तर उचलायच्या. शिक्षकांनाही सवय झालेली, कोणी विचारत नव्हतं. वेळापत्रक बघितलं. शेवटचे दोन तास आठवड्यातून चार दिवस गणित आणि विज्ञानाचे. मुलं सायकलीवर, मोटारसायकलीवर कोणाच्या मागे बसून जायची, त्यांना घाई नव्हती. मुलींचे वर्षातले निम्म्याहून जास्त गणिताचे तास त्या चार चाळीसच्या गाडीत गेले होते.

दोन कामं केली. मुख्याध्यापकांना वेळापत्रक फिरवायला लावलं, गणित सकाळी दुसऱ्या तासाला आणि शेवटी चित्रकला, कार्यानुभव. त्याला एक रुपया लागला नाही, फक्त एका ज्येष्ठ शिक्षकांची नाराजी पत्करावी लागली. दुसरं, पासधारक मुलींची सहीनिशी यादी, ग्रामपंचायतीचा ठराव आणि शाळेचं पत्र असं घेऊन आम्ही आगारात गेलो. तीन हेलपाटे झाले. चौथ्या वेळी दोन आया सोबत नेल्या, तेव्हा गाडी पाच वीसला झाली. त्या आयांपैकी एक परत येताना फाट्यावर उतरली आणि मोठ्याने म्हणाली, "आमच्या म्हणण्यानं येष्टी हलली!" तिची मुलगी पुढे बारावीपर्यंत शिकली.

पास मोफत आहे, अहिल्याबाई होळकरांच्या नावाची ती योजना चांगलीच आहे. 125 मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून मुलींसाठी निळ्या बसगाड्याही आल्या, आणि आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली. पण पास म्हणजे बस नव्हे, आणि बस म्हणजे वेळेवरची बस नव्हे. 2021 च्या ऑक्टोबरअखेरीस एसटीचा संप सुरू झाला आणि 2022 च्या एप्रिलपर्यंत गाड्या नीट सुरू झाल्या नाहीत. कोरोनाची दीड वर्षं आधीच गेलेली. त्या काळात आमच्या भागातल्या किती मुलींची शाळा कायमची सुटली हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. कर्मचाऱ्यांच्या मागण्यांशी माझं भांडण नाही. सांगायचं इतकंच, की ज्या मुलीच्या शिक्षणाला एकच गाडी आधार आहे, तिला दुसरा आधार काय, हे गावाने आधी ठरवून ठेवायला हवं.

सायकलीचं महत्त्व बिहारमध्ये मोजूनही झालं आहे. तिथे 2006 साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी त्याचा अभ्यास केला. मुलींची माध्यमिक शाळेतली नोंदणी सुमारे एक तृतीयांशाने वाढली आणि मुलामुलींमधली तफावत चाळीस टक्क्यांनी घटली. वाढ मुख्यतः हायस्कूल तीन किलोमीटर किंवा त्याहून लांब असलेल्या गावांत झाली. म्हणजे अडचण अंतराची होती आणि उपाय अंतरावरच लागू पडला. त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही, की सगळ्या मुलींना एकदम सायकली मिळाल्यामुळे त्या घोळक्याने जायला लागल्या. एकटी मुलगी रस्त्यावर असणं आणि बारा जणी असणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तुम्ही सायकली देणार असाल तर पाच गावांत एकेक देऊ नका. एकाच वाडीवरच्या सगळ्या मुलींना द्या. आणि पंक्चरचे, चेनचे, ब्रेकच्या रबराचे पैसे बाजूला ठेवा, कारण सरकारी सायकल बहुतेक वेळा दुसऱ्या वर्षी पंक्चर होऊन भिंतीला टेकते आणि दीडशे रुपयांसाठी तिथेच राहते.

आता ऊसतोड. हे तुम्हाला मी सांगायला नको, तुम्ही त्याच मातीतल्या. पण तुमच्या मित्रमैत्रिणींना कदाचित ठाऊक नसेल म्हणून लिहिते. दिवाळीच्या सुमाराला टोळ्या कारखान्यांकडे जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल कोयत्यामागे मिळते. म्हणजे मुलाचं लग्न केलं की घरात एक कोयता वाढतो. मुलीच्या बापाच्या डोक्यात दुसरी काळजी असते. वयात आलेल्या पोरीला गावी ठेवायची तर कोणाकडे, आणि फडावरच्या कोपीत (झोपडीत) न्यायची तर तिथे दार नाही, न्हाणीघर नाही, आई-बाप पहाटे चारला फडात जाणार. शिवाय धाकट्या भावंडाला सांभाळायला तीच लागते. या सगळ्याला घरच्यांच्या दृष्टीने एकच सोपं उत्तर असतं, हंगामाआधी लग्न. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) महाराष्ट्रात 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी 21.9 टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. बीडमध्ये तेच प्रमाण 43.7 टक्के, परभणीत 48. या आकड्यांकडे बघून लोक म्हणतात, मराठवाडा मागासलेला. मी म्हणते, त्या नकाशावर मुलींची वसतिगृहं कुठे कुठे आहेत तेही मांडून बघा.

हंगामी वसतिगृह ही आपल्याकडची फार मोलाची सोय आहे. आई-बाप कारखान्याला गेल्यावर मुलं गावातच राहतात, शाळेकडून दोन वेळचं जेवण मिळतं, रात्री आजी-आजोबांकडे किंवा नातलगांकडे झोपतात. शाळा व्यवस्थापन समिती ते चालवते. पण त्यात दोन उणिवा आहेत. मंजुरी वेळेवर आली नाही तर सगळं मुसळ केरात. एका वर्षी आमच्याकडे ती डिसेंबरात आली, तेव्हा निम्मी मुलं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून केव्हाच गेली होती. आणि दुसरं, रात्रीचं काय? आठ वर्षांची पोर आजीजवळ झोपेल. तेरा वर्षांच्या मुलीला आई त्या भरवशावर ठेवत नाही, आणि तिचं चुकतं असं मला कधी वाटलं नाही. तिला खरंखुरं निवासी वसतिगृह लागतं, जिथे बाई अधीक्षक आहे, दाराला आतून कडी आहे आणि फाटकावर माणूस आहे. 2021 मध्ये राज्य सरकारने संत भगवानबाबांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी योजना आणली. 41 तालुक्यांत मुलांची 41 आणि मुलींची 41 अशी 82 वसतिगृहं, प्रत्येकी शंभर जागांची. अशा ठिकाणी एका मुलीला जागा मिळवून देणं हे हजार दप्तरं वाटण्यापेक्षा मोठं काम आहे. अर्ज, उत्पन्नाचा दाखला, ऊसतोड कामगार असल्याचं ओळखपत्र, आधार, बँक खातं हे सगळं जमवायला त्या आई-बापांना तालुक्याला चार खेपा लागतात, म्हणजे चार दिवसांची मजुरी बुडते. तुमच्या गटातलं कोणी सुट्टीत गावी गेलं तर हेच करा, आठ-दहा मुलींची कागदपत्रं पुरी करून द्या.

लग्न थांबवण्याबद्दल लोक फार उत्साहाने विचारतात. गावात ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, 1098 वर फोन करता येतो, आणि गरज पडली तर तो करायलाच हवा. मी स्वतः केला आहे. पण पुढचं ऐका. मांडवातून सोडवलेली एक आठवीतली मुलगी. पोलीस आले, बापाने लिहून दिलं, सगळे परत गेले. जूनमध्ये ती शाळेत आली, मैत्रिणी तिच्याकडे बघून कुजबुजायच्या. वसतिगृहात जागा नाही असं उत्तर मिळालं. दिवाळीत आई-बाप तिला सोबत घेऊन गेले आणि परत आले तेव्हा तिच्या गळ्यात मंगळसूत्र होतं. त्या फोनचा मला पश्चात्ताप नाही. फोननंतरचे सहा महिने मी तिच्यामागे उभी राहिले नाही, याचं दुःख आजही आहे. लग्न थांबवणार असाल तर त्या मुलीची पुढची दोन वर्षं कुठे जातील हे ठरवूनच थांबवा. आणि लग्न झालेल्या मुलींना विसरू नका. 17 नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसता येतं, हे त्यांच्यातल्या बहुतेकींना कोणी सांगितलेलंच नसतं. माझ्या दोन विद्यार्थिनी लेकरू कडेवर घेऊन परीक्षा केंद्रावर आल्या होत्या. आज एक अंगणवाडीत मदतनीस आहे.

धाकट्या भावंडाचा प्रश्न काही नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला आणि पुढे 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी काम केलं, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की मुलगी शाळेत येत नाही कारण तिच्या कडेवर मूल आहे. त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच छपराखाली आणली आणि तिला विकासवाडी म्हटलं. मुलगी भावंडासकट येई. ते पाळण्यात झोपे आणि ती शिके. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावरच शाळा नेली. मूल येत नसेल तर त्याला काय अडवतंय ते बघायचं आणि शाळेने तेवढं हलायचं. मी नोकरीत असताना एवढंच केलं, की अंगणवाडीची वेळ आणि शाळेची वेळ जुळवून घेतली. अंगणवाडी साडेअकराला सुटायची आणि पाचवी-सहावीच्या पोरी भावंडाला घ्यायला उठून जायच्या त्या परत येतच नसत. सेविकेशी बोलून, गावाने थोडा खाऊ देऊन, लहानग्यांना शाळा सुटेपर्यंत थांबवलं. चार महिन्यांत त्या मुलींची हजेरी सुधारली.

आता ज्यावर फार कमी लोक बोलतात ते सांगते. मुलगी शाळेत आली म्हणजे शिकली असं नाही. 2022 च्या 'असर'मध्ये ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी दुसरीच्या पुस्तकातला मजकूर वाचू शकणारी फक्त 42.8 टक्के होती. मुलींच्या बाबतीत हे कळायला आणखी उशीर होतो, कारण त्यांचं अक्षर सुंदर असतं. मी शाळाभेटीला गेले की पाचवीतली एखादी मुलगी वही पुढे करायची. टपोरं, रेघेवर बसवलेलं अक्षर, समास आखलेला, शुद्धलेखनाला दहापैकी दहा. मी फळ्यावर एक साधं वाक्य लिहायची, 'मावशीने बाजारातून पेरू आणले', आणि वाच म्हणायची. ती एकेक अक्षरावर बोट ठेवायची, 'मा... व... शी...' इथपर्यंत यायची आणि थांबायची. मग माझ्याकडे बघून हसायची. पाच वर्षं ती फळ्यावरची चित्रं उतरवून घेत होती, आणि अक्षर चांगलं म्हणून शिक्षकांनी पुढे ढकललं होतं. दंगा करणारा मुलगा शिक्षकांना दिसतो, त्याला पुढे बसवतात, त्याच्यावर ओरडतात, पण त्या ओरडण्यात का होईना त्याला वेळ मिळतो. गप्प बसणाऱ्या मुलीला वर्ग झाडायला आणि पाण्याचा माठ भरायला सांगतात. मी माझ्या केंद्रात पहिला नियम हाच केला होता, की झाडलोटीच्या पाळीत मुलगे आणि मुली सारखे.

याचा शाळा सुटण्याशी थेट संबंध आहे. जी मुलगी सातवीत अडखळत वाचते, तिच्यासाठी आई पाच किलोमीटरचा रस्ता आणि शेजारणींचे टोमणे का सोसेल? आई अडाणी असली तरी पोरीला येतं की नाही हे तिला बरोबर कळतं. दुकानाची पावती वाचून दे म्हटलं, बँकेची चिठ्ठी वाचून दे म्हटलं, आणि पोर गोंधळली, की आई मनाशी ठरवून टाकते. उलट ज्या मुलीने मुकादमाच्या वहीतला हिशोब वाचून बापाचे चार हजार वाचवले, तिला बापाने स्वतः मोटारसायकलीवरून वसतिगृहात सोडलेलं मी पाहिलं आहे. म्हणून तिसरीच्या आत प्रत्येक मुलीला वाचता आलं पाहिजे. त्याला टॅब लागत नाही. घरात एकच फोन असेल तर तो भावाच्या हातात असतो, टॅबचंही तेच होईल. त्याला लागते रोज तासभर शेजारी बसून वाचून घेणारी एखादी ताई, आणि गोष्टीची पुस्तकं, जी कुलूपबंद कपाटात नसतील.

स्वच्छतागृहाबद्दल थोडक्यात. बहुतेक शाळांत ते बांधलेलं आहे. किल्ली कुठे आहे आणि पाणी आहे का, एवढंच विचारा. जिथे नसतं तिथे मुली सकाळपासून पाणी पीत नाहीत, आणि महिन्यातले चार दिवस येत नाहीत. हा विषय शाळा व्यवस्थापन समितीत आणा. कायद्याने तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बाया असायला हव्यात. आया बोलत्या झाल्या की किल्ली सापडते.

आणि एका गोष्टीला माझा उघड विरोध आहे. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा बंद करून मुलांना लांबच्या समूह शाळेत न्यायचा विचार गेली काही वर्षं पुन्हा पुन्हा वर येतो. मोठ्या शाळेत प्रयोगशाळा असेल, विषयाला शिक्षक असेल, हे सगळं मान्य. पण वाडीवरची शाळा बंद झाली की सहा वर्षांच्या मुलीलाही बस लागणार, आणि बस चुकली तर भाऊ जाईल, ती राहील. तुमच्या वाडीवर अशी वेळ आली तर गप्प बसू नका.

आता तुमचे महिन्याचे आठ हजार. मी तुमच्या जागी असते तर एकच वाडी किंवा फार तर दोन लागून असलेल्या वाड्या धरल्या असत्या. तिथली बारावी झालेली, शक्यतो लग्न होऊन त्याच गावात आलेली एक हुशार सून शोधा. तिला चार-साडेचार हजार मानधन द्या. तिने संध्याकाळी दीड तास दुसरी ते पाचवीच्या मुलींकडून वाचून घ्यायचं, आणि सकाळी हायस्कूलच्या मुली फाट्यावर पोचल्या का हे बघायचं. कोण आलं नाही हे ज्याला त्याच दिवशी कळतं, तोच मुलीला परत आणू शकतो. उरलेल्यातून सायकलींची दुरुस्ती, कागदपत्रांसाठी तालुक्याच्या खेपा, आणि आठवीच्या मुलींसाठी एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी. ही परीक्षा उत्तीर्ण होऊन निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी 12 हजार रुपये मिळतात, घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. ज्या घरात मुलगी वर्षाला 12 हजार आणते, तिथे तिच्या शाळेचा विषय मे महिन्यात निघतच नाही. लेक लाडकी योजनेची चौकशी लोक करतील. ती 1 एप्रिल 2023 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलींसाठी आहे, तुमच्या सातवीतल्या मुलींना तिचा उपयोग नाही, तेवढं स्पष्ट सांगा.

आणि एप्रिलचा दुसरा आठवडा राखून ठेवा. शाळेतून चौथीच्या आणि सातवीच्या मुलींची नावं घ्या. मुख्याध्यापकांशी बोलून एक दिवस ठरवा आणि त्या सगळ्या मुलींना, त्यांच्या आयांसकट, पुढच्या शाळेत घेऊन जा. चालत जा, म्हणजे रस्ता आयांच्या पायाखालून जाईल आणि ओढ्याला पाणी आल्यावर कुठून जायचं हेही तिथल्या तिथे ठरेल. तिथल्या बाईंची ओळख करून द्या. वर्ग बघू द्या, नळ आणि स्वच्छतागृह बघू द्या. हायस्कूलच्या रजिस्टरात नाव त्याच दिवशी चढवून घ्या, दाखला मागाहून आला तरी चालतो. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा अकरा मुली आणि सात आया होत्या. परतताना एक आई वडाच्या पारावर बसली, चपला काढल्या, पाय चोळले आणि मुलीला म्हणाली, "लई लांब न्हाई गं." जूनमध्ये त्या अकरांपैकी दहाजणी हजर होत्या. उरलेल्या एकीच्या घरी मी 16 जूनला गेले; तिचे वडील आजारी होते, आठ दिवसांनी तीही आली.